एकशे सात नंबरची खोली

भंगाळे मॅडम कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दार तीनदा वाजवायच्या, "हाउसकीपिंग" म्हणायच्या, मनातल्या मनात पाच आकडे मोजायच्या आणि मगच आत यायच्या. दार सताड उघडं असलं तरी. बँकेत मॅनेजरच्या केबिनपाशी त्यांनी हे केलेलं मी पाहिलं आहे. आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या तेव्हाही केलं. आईला वाटलं कोणी फिनाइलच्या बाटल्या विकायला आलंय, तिनं आतूनच "नको" म्हणून सांगितलं. त्या एकट्या राहायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले, तर कुलूप काढल्यावर त्यांनी स्वतःच्या दारावरही तीनदा टकटक केलं. मी म्हटलं, मॅडम, आत तर कोणीच नाही.

त्या म्हणाल्या, "ते आपल्याला बाहेरून कसं कळणार?"

इंदूरच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांनी बावीस वर्षं खोल्या आवरल्या होत्या. शेवटी शेवटी सुपरवायझर झाल्या, मग गुडघे गेले आणि त्या बऱ्हाणपूरला माहेरच्या गावी परत आल्या. लग्न, संसार यांबद्दल त्या बोलत नसत आणि मीही कधी विचारलं नाही. आमची ओळख झाली ती लोधीपुऱ्यातल्या ट्रेनिंग सेंटरवर. सरकारी योजनेतलं सेंटर होतं. बारावीपर्यंत शिकलेल्या मुलामुलींना तीन महिन्यांत हॉटेलातल्या नोकरीसाठी तयार करायचं, असं त्या योजनेत लिहिलेलं होतं. मी इंग्रजी आणि कॉम्प्युटर शिकवायचे, मॅडम बाकी सगळं. सेंटर चालवायचे सोनीजी नावाचे एक गृहस्थ. त्यांनी आयुष्यात हॉटेल म्हणून जे पाहिलं होतं ते फक्त जिलेबीचं.

आमच्याकडे तीन खोल्या होत्या. एकीत सोनीजी बसायचे, दुसरीत माझा वर्ग भरायचा, आणि तिसरी ही ट्रेनिंग रूम. तिच्यात एक लोखंडी पलंग, गादी, दोन चादरी, एक उशी, खुर्ची, आरसा आणि वायर नसलेला टेलिफोन. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी घरून पितळी रंगाचा डबा आणला आणि त्या खोलीच्या दारावर सुरेख अक्षरात १०७ असं रंगवलं. सोनीजी बघत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, एक सौ एक से एक सौ छह कहाँ है?"

"भरलेल्या आहेत," मॅडम म्हणाल्या आणि ब्रश धुवायला गेल्या.

त्या चेष्टा करत नव्हत्या. माझ्या ओळखीत त्यांनी एकदाही चेष्टा केली नाही. त्यांचं म्हणणं असं की जिथे एकच खोली आहे तिथे पोरं खोली आवरतील, पण हॉटेलात काम करताहेत असं त्यांना वाटणार नाही. पलीकडे सहा खोल्या भरलेल्या आहेत हे डोक्यात असलं की हात आपोआप चालतो. आणि खरंच चालायचा. बावीस मुलंमुली होती, जसोंडी, तुकईथड आणि गावातल्या मोहल्ल्यांतून येणारी. प्रत्येकानं दिवसातून दोनदा पलंग आवरायचा, म्हणजे चादर काढायची, झटकायची, नवी घालायची, कोपरे दुमडून गादीखाली खोचायचे. आवरून झालं की मॅडम खाली वाकून, गाल गादीला टेकवून, एका डोळ्यानं चादरीवरून पाहायच्या. सुरकुती दिसली की पुन्हा. त्या पलंगावर कधीच कोणी झोपलेलं नव्हतं आणि तो दिवसातून चव्वेचाळीस वेळा आवरला जायचा. पहिल्या चादरी महिन्याभरात विरल्या. सोनीजींना कळेना की कोणी न वापरलेली चादर फाटली कशी.

आमच्या खाली पॉवरलूमचा कारखाना होता. सकाळी नऊपासून खटखट सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. वर्गात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. "गुड मॉर्निंग सर, वेलकम, मे आय हेल्प यू" हे वाक्य आमच्या मुलांनी तीन महिने गळ्याच्या शिरा ताणून म्हटलं. लाइट गेली की लूम बंद पडायचे आणि सगळीकडे एकदम शांत व्हायचं, पण पोरांना सवय झालेली. त्या शांततेत बावीस जण एकमेकांना "हॅव अ प्लेझंट स्टे" असं किंचाळून सांगत असायचे आणि समोरच्या मशिदीपाशी बसलेले म्हातारे वर बघायचे. मी मॅडमना म्हटलं, हे काही बरं नाही, उद्या पोरं हॉटेलात अशीच ओरडतील. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, हळू बोलायला एक दिवस पुरतो, नीट बोलायला तीन महिने लागतात. आधी नीट होऊ दे.

त्यांना खरी खंत होती ती वेगळीच. गेस्ट नव्हता. मुलं आळीपाळीनं गेस्ट व्हायची, पण खुर्चीवर बसली की हसायची, आणि हसणाऱ्याला मॅडम गेस्ट मानायला तयार नसत. सोनीजींना त्यांनी गेस्ट करून पाहिलं, तर ते सारखे फोनवर. मला केलं, तर मी दर वाक्याला "थँक यू" म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, इतके आभार मानणारा गेस्ट बावीस वर्षांत आला नाही, तुम्ही उठा.

मग एका गुरुवारी कविताचे आजोबा आले.

कविता जसोंडीची. वर्गातली सगळ्यात चटपटीत मुलगी. आजोबांची, म्हणजे आबांची, केळीची बाग होती, घरात त्यांचा शब्द चालायचा, आणि नात रोज गावाबाहेर जाऊन नेमकं काय शिकते ते बघायला ते आले होते. खरं तर बघायला नाही, तिला घरी घेऊन जायलाच. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. जिना चढून वर आले आणि पहिली दिसली तिला, म्हणजे मॅडमना, लूमच्या वर आवाज काढून म्हणाले, "बिछाना टाकाले शिकायले तीन महिने लागते काय व बाई? ते तर ती घरी बी करते."

दुसरं कोणी असतं तर समजूत घालायला लागलं असतं. मॅडमनी त्यांच्याकडे नखशिखान्त पाहिलं. माणूस थकलेला होता, प्रवास करून आला होता, चिडलेला होता, आणि अजिबात हसत नव्हता. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"वेलकम सर. रिझर्वेशन आहे?"

"कशाचं?"

"काही हरकत नाही. खोली मिळेल."

टेबलावर रजिस्टर होतंच. मॅडमनी स्वतः लिहून घेतलं. नाव. कुठून आले: जसोंडी. कुठे जाणार: जसोंडी. येण्याचं कारण विचारल्यावर आबा म्हणाले, "पोरीले घ्यायले आलो." मॅडमनी लिहिलं, 'वैयक्तिक'. मग त्यांनी कविताला पुढे केलं. तिनं आजोबांच्या हातातून पिशवी घेतली, तोंडावरची एक रेषही न हलवता "धिस वे सर" असं ओरडली आणि त्यांना एकशे सातमध्ये घेऊन गेली. पंख्याचं बटण दाखवलं, खिडकी दाखवली, टेलिफोन दाखवला. आबांनी गादी हातानं दाबून पाहिली. पहाटे बागेच्या पाण्याची मोटार चालू करायला उठलेला माणूस तो. जरा टेकतो म्हणाले आणि झोपले.

दोन तास झोपले. तेवढा वेळ मॅडमनी कोणाला त्या दाराकडे फिरकू दिलं नाही. दाराच्या मुठीवर 'कृपया त्रास देऊ नये' अशी पाटी लटकवली, ती लटकवायची संधी त्यांना प्रथमच मिळत होती. आबा उठले तेव्हा कवितानं ट्रेमध्ये, खाली बशी ठेवून, पाण्याचा ग्लास नेला. आबा पाणी प्यायले, बशीकडे बराच वेळ पाहत राहिले, टोपी नीट केली आणि घरी निघून गेले. कविताला न्यायचं विसरून.

पुढच्या गुरुवारी पुन्हा आले. काही कारण नव्हतं. मग ते दर बाजाराच्या दिवशी यायला लागले, मग अधूनमधून मधल्या वारीही. आले की रजिस्टरपाशी उभे राहून नाव सांगायचे, जणू मॅडम त्यांना पहिल्यांदाच पाहताहेत. मॅडमही तसंच विचारायच्या. एका अडचणीवर मात्र त्यांना उपाय करावा लागला. आबा तक्रारच करत नसत. कसं काय वाटलं विचारलं की म्हणायचे, सगळं बेस आहे. मॅडमनी त्यांना बसवून समजावलं की गेस्टनं तक्रार केली नाही तर पोरं शिकणार कशी, तुमच्यामुळे बावीस जणांचं नुकसान होतंय. आबांना हे लागलं. पुढच्या खेपेला त्यांनी फार विचार करून सांगितलं की उशी दगडासारखी आहे. मॅडमनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. मुलांनी माफी मागितली, उशी उसवून कापूस पिंजला, पुन्हा भरली.

त्यानंतर आबांना त्यात गोडी वाटायला लागली. पाण्याला काचेचा वास येतो. आरशात माणूस जास्त म्हातारा दिसतो. एकदा भर दुपारी लाइट गेली, लूम थांबले, आणि आबांनी बिनवायरच्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलून त्यात मोठ्यांदा सांगितलं की आवाज बंद पडला, झोप लागून नाही राह्यली. बाहेर कविता उभी होती. तिनं दार वाजवलं, पाच आकडे मोजले, आत गेली आणि म्हणाली, "सॉरी सर. आम्ही लवकरात लवकर आवाज सुरू करू."

मॅडमनी त्या दिवशी तिला दहापैकी दहा मार्क दिले.

घरी मात्र आबा अवघड झाले होते, असं कविता सांगायची. बशीशिवाय पाणी घेत नाहीत, आणि आईनं खोलीत येताना दार का वाजवलं नाही म्हणून विचारतात.

तीन महिने संपायला आले तेव्हा वरच्या ऑफिसातून इन्स्पेक्शनचं पत्र आलं. सोनीजींची झोप उडाली. सेंटर पुढे चालायचं की नाही ते या तपासणीवर होतं. त्यांनी भाड्यानं प्लेटा आणल्या, कागदी फुलं आणली, आणि मॅडमना हात जोडून सांगितलं की साहेब जे म्हणतील त्याला तो एक दिवस फक्त 'हो' म्हणा. मॅडम 'हो' म्हणाल्या.

साहेब दहाला येणार होते, ते आले एक वाजता. मे महिना, बऱ्हाणपूरचं ऊन, आणि आमचा जिना चांगला उभा. वर पोचेपर्यंत त्यांना घेरी आली. भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, कुठे आडवं व्हायला मिळेल का. सोनीजींना आभाळ ठेंगणं झालं. आपल्याकडे पलंग आहे, तोही तीन महिने रोज चव्वेचाळीस वेळा आवरलेला. ते साहेबांना हाताला धरून एकशे सातकडे घेऊन गेले. दाराच्या मुठीवर पाटी लटकत होती आणि समोर भंगाळे मॅडम उभ्या होत्या.

"खोली भरलेली आहे सर."

सोनीजी त्यांच्या कानाशी लागले. "मॅडम, अंदर तो कविता के आबा हैं. उठा दो ना."

"गेस्ट आहेत," मॅडम म्हणाल्या. "बारा वाजता चेक-इन केलंय."

सोनीजींचा चेहरा केळीच्या वाळल्या पानासारखा झाला. साहेबांना मॅडमनी खुर्ची दिली. दोन मुलींनी गार पाण्यात पिळलेला टॉवेल आणला, एकीनं लिंबूपाणी आणलं, बशीसकट. मग मॅडमनी त्यांच्यापुढे रजिस्टर धरलं आणि सांगितलं की तुमचं नाव वेटिंगला घेते. घेरी आलेल्या माणसाला विचार करायची ताकद नसते. साहेबांनी निमूटपणे नाव लिहिलं, कुठून आले ते लिहिलं, आणि येण्याच्या कारणापुढे 'निरीक्षण' असं लिहून सही केली.

पाऊण तासानं आबा बाहेर आले. खुर्चीवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेल्या माणसाला पाहून त्यांना कणव आली. म्हणाले, "जाय भाऊ आता. उशी चांगली केली त्यांनी. पयले दगड होती."

साहेब उठले. मॅडमनी पुन्हा अडवलं. गेस्ट गेल्यावर खोली तयार केल्याशिवाय दुसऱ्या गेस्टला देता येत नाही. सोनीजी जिन्यात जाऊन बसले. कविता आणि तिच्या जोडीचा मुलगा आत गेले, आणि मी घड्याळ लावून पाहत होते, त्यांनी अकरा मिनिटांत सगळी खोली आवरली. मॅडमनी गाल टेकवून पाहिलं. सुरकुती नव्हती. मग साहेब आत गेले ते साडेचारपर्यंत झोपले. निघताना त्यांनी मुलांना एवढंच सांगितलं की छान झोप लागली, पण सगळे इतके ओरडून का बोलता.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. सोनीजींनी तो वाचायला माझ्या हातात दिला. प्रशिक्षण केंद्राच्या जागेत विनापरवाना हॉटेल चालवले जात असल्याचे आढळले, असं त्यात लिहिलं होतं. पुरावा म्हणून रजिस्टर: जसोंडीचा एक इसम वारंवार मुक्कामास असल्याच्या नोंदी. तपासणीच्या वेळी सदर इसम प्रत्यक्ष खोलीत आढळला. खोलीचा क्रमांक एकशे सात, सबब किमान सात खोल्या असाव्यात. पैकी सहा खोल्या निरीक्षकांना दाखवण्यात आल्या नाहीत. केंद्राची मान्यता पुढील सत्रापासून रद्द.

सोनीजी टेबलावर डोकं ठेवून रडले. मीही घाबरले होते, माझी ती पहिली नोकरी. मॅडमनी माझ्याकडून कागद घेतला, चष्मा लावला, मग पुन्हा माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, पहिली ओळ जरा परत वाचा. मी वाचली.

"हॉटेल म्हणाले आहेत," त्या म्हणाल्या. "ट्रेनिंग रूम नाही म्हणाले."

त्या कागदाची त्यांनी झेरॉक्स काढून घेतली.

सेंटर बंद झालं, पण आमच्या बॅचला सर्टिफिकेटं मिळाली. टाळं लागायच्या आधीच इंदूरच्या एका हॉटेलानं सेंटरवर फोन करून मुलाखती घेतल्या होत्या. कविताची पाळी आली तेव्हा नेमके लूम बंद होते. ती सवयीनं अशी ओरडली की पलीकडच्या माणसाला वाटलं लाइनच खराब आहे. लाइन इतकी खराब असूनही ही मुलगी किती स्पष्ट बोलते, याचं त्याला कौतुक वाटलं आणि तिची निवड झाली.

घरी मात्र आबा नाही म्हणाले. स्वतः जाऊन झोपणं निराळं, आणि आपल्या नातीनं परगावी राहून परक्यांचे बिछाने टाकणं निराळं. कविताची आई समजावून थकली, मीही एकदा जाऊन आले. कविता दोन दिवस जेवली नाही. शेवटी मॅडमना नेलं. मला वाटलं आता त्या इंदूरबद्दल सांगतील, आपली बावीस वर्षं सांगतील. त्यांनी पर्समधून एक छापील फॉर्म काढला. हॉटेलातून जाताना गेस्टकडून भरून घेतात तो, अभिप्रायाचा. म्हणाल्या, सेंटर बंद झालं, पण तुमचा फॉर्म राहिलाय. आबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून कविता प्रश्न वाचायला बसली. ओसरीवर घरची सगळी माणसं गोळा झाली होती.

खोलीची स्वच्छता? बेस. पाणी? बेस, वास सोडून. मग शेवटचा प्रश्न आला. आमच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाचं काम तुम्हाला विशेष आवडलं?

आबांनी टोपी काढली, परत घातली. कविता खाली कागदाकडे पाहत पेन धरून बसली होती.

"तुह्यं," आबा म्हणाले. "लिही."

तिनं स्वतःचं नाव लिहिलं. जूनमध्ये ती इंदूरला गेली. आबा बसस्टँडवर पोचवायला आले होते आणि कंडक्टरला सांगत होते की हिची पिशवी हिले उचलू देऊ नको.

वर्षभरानं कविताचा फोन आला. त्यांच्या हॉटेलात चांगलं काम करणाऱ्याला वर्षातून एकदा घरच्या माणसांना एक दिवस राहायला बोलावता येतं. तिनं आबांना विचारलं होतं. आबा म्हणाले होते, मी लय राह्यलो, मॅडमले ने. सोबतीला मी गेले.

बसमध्ये मला एक गोष्ट कळली, तीही सहज बोलता बोलता. बावीस वर्षांत मॅडम हॉटेलच्या पलंगावर एकदाही बसल्या नव्हत्या. स्टाफला मनाईच असते, त्यात विशेष असं काही नाही, असं त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

कविता रिसेप्शनपाशी आली तेव्हा युनिफॉर्ममध्ये होती आणि अगदी हळू बोलत होती. तिनं आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि गेली. दुपारचे तीन वाजले होते. मॅडमनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं, पलंगाखाली पाहिलं, बाथरूममधले नळ पाहिले. मग खोलीच्या मधोमध पर्स हातात धरून उभ्या राहिल्या. मी तोंड धुऊन, कपडे बदलून आले तरी तशाच उभ्या. मी म्हटलं, मॅडम, टेका जरा. त्या म्हणाल्या, हो, टेकते. टेकल्या नाहीत.

थोड्या वेळानं त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली, चपला भिंतीशी नीट लावल्या आणि पलंगाच्या अगदी कडेला बसल्या. मग जरा आत सरकल्या. मग फोन उचलला, आणि मी कधी ऐकला नव्हता अशा जाड, आळसावलेल्या आवाजात म्हणाल्या, "एक चहा पाठवा."

चहा कविताच घेऊन आली. मॅडम उशीला टेकून, पाय पसरून तो सावकाश प्यायल्या. आभार मानले नाहीत, तिच्याकडे पाहिलंही नाही. रिकामा कप तिच्याकडे धरला, कूस बदलली आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. कविता ट्रे धरून क्षणभर उभी राहिली. मग तिनं पडदे लावले आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं. दार ओढून घेताना मी आत पाहिलं. भंगाळे मॅडम तोंड उघडं टाकून घोरत होत्या.